पांगोली, बाघ आणि वैनगंगा : नद्यांनीं घडविलेल्या एका प्रदेशाचा इतिहास

इतिहास हा शब्द उच्चारला कीं राजे, लढाया, तह आणि सनावळ्या आपल्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात. ज्या गांवीं किल्ला नाहीं, ज्याच्या वेशीवर मोठी लढाई झाल्याचें कोणी सांगत नाहीं, त्या गांवाला इतिहास कसला, असें आपण सहज म्हणून जातों. महाराष्ट्राच्या अगदीं ईशान्येच्या कोपऱ्यांत, गोंदिया शहराला लागून असलेलें फुलचूर हें अशा गांवांपैकीं एक. धानाचीं सपाट शेतें, शेजारचा फुलचूरटोला, आणि शहर वाढत वाढत जवळ आल्यामुळें उभीं राहिलेलीं नवीं घरें, एवढेंच येथें वरवर पाहणाऱ्यास दिसतें. पण त्या सपाटीलाच जर आपण विचारलें कीं, "बाई, तूं अशी सपाट कशी झालीस?" तर ती जो इतिहास सांगेल तो कोणत्याहि राजवंशाच्या इतिहासाहून जुना आहे, आणि तो अद्यापि संपलेला नाहीं. त्या इतिहासाची कर्ती नदी आहे. आज आपण तिची हकीकत पाहूं.

नकाशांत नदी ही निळ्या शाईची एक बारीक रेघ असते. तो नकाशा पाहत पाहत वाढलेल्या माणसाची समजूत अशी होते कीं, जमीन आधीं होती, तिच्यांत खोलगट वाट आयती होती, आणि त्या वाटेनें पाणी वाहूं लागलें. शहाण्या लोकांचीहि समजूत दीर्घ काळ अशीच होती. भूकंपानें किंवा महाप्रलयानें पृथ्वीला भेगा पडल्या आणि नद्या त्या भेगांत जाऊन बसल्या, असें युरोपांतील पुष्कळ पंडित अठराव्या शतकापर्यंत मानीत. एडिंबरो येथील जॉन प्लेफेअर यांनीं १८०२ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या समजुतीवर मोठा घाव घातला. त्यांचें म्हणणें साधें होतें. लहान ओढा लहान खोऱ्यांतून वाहतो, मोठी नदी मोठ्या खोऱ्यांतून वाहते. आणि ओढा नदीला मिळतो तेव्हां तो बहुधा कड्यावरून कोसळत नाहीं, दोघांचे तळ एका पातळीवर येतात. भेगा जर योगायोगानें पडल्या असत्या, तर हा मेळ कसा बसला असता? ज्याचें त्याचें खोरें ज्यानें त्यानें खोदलें आहे, म्हणूनच तें त्याच्या अंगाबरोबर बेतलेलें आहे.

प्लेफेअर यांचें म्हणणें पटवून घेण्यास आपणांस एडिंबरोस जावयास नको. फुलचूर पुरेसें आहे. गोंदिया व फुलचूर यांच्या परिसराचें पाणी पांगोली नांवाची एक लहान नदी वाहून नेते. पांगोली बाघ नदीला मिळते. बाघ नदी बिरसोला-काटीच्या बाजूस वैनगंगेला मिळते. वैनगंगा पुढें वर्धेला भेटून प्राणहिता हें नांव धारण करते, आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरींत विलीन होते. फुलचूरच्या बांधींत पडलेला पावसाचा थेंब अशा रीतीनें पांच नांवें बदलीत बंगालच्या उपसागरास जाऊन मिळतो. आणि या सगळ्या प्रवासांत एकाहि संगमावर त्याला धबधब्यावरून उडी मारावी लागत नाहीं. धाकटीनें थोरलीच्या पायरीला आपली पायरी जुळवून घेतली आहे. ही जुळणी एका दिवसाची नव्हे. तिला किती युगें लागलीं असतील याचा विचार करूं लागलों म्हणजे मन थक्क होतें.

नदीचें काम तीन शब्दांत सांगतां येईल: झीज, वाहतूक आणि भर. ती वरच्या अंगास खडक झिजविते, मधल्या अंगास तो माल वाहून नेते, आणि जेथें तिचा वेग मंदावतो तेथें तो टाकून देते. यांतील खरी किल्ली वेगांत आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे त्याची दगड ढकलण्याची शक्ति दुप्पट होत असेल, असें आपणांस वाटेल. परंतु गणिताच्या हिशेबानें पाहतां, वेग दुप्पट झालेला प्रवाह पूर्वींपेक्षां ६४ पट वजनाचा दगड हलवूं शकतो. उन्हाळ्यांत जी नदी गुडघाभर पाण्यांत वाळूचे कण देखील धड सरकवीत नाहीं, तीच श्रावणांत मोठमोठे गोटे गडगडत नेते, याचें कारण हें आहे. गोंदियाच्या परिसरांत वर्षाला सुमारें १,२०० ते १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यांतला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. म्हणजे युरोपांतील नदी जें काम बारा महिने थोडें थोडें करते, तें आमच्या नद्या चार महिन्यांत, किंबहुना त्यांतल्याहि पुराच्या मोजक्या दिवसांत उरकतात. उरलेले आठ महिने त्या जणूं विश्रांति घेतात. आणि ती विश्रांति पाहूनच माणूस त्यांच्या स्वभावाविषयीं फसतो.

आतां वैनगंगेच्या मार्गाकडे पाहूं. मध्य प्रदेशांतील सिवनी जिल्ह्यांत मुंडारा या गांवीं तिचा उगम आहे. सातपुड्याचें हें पठार समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंच असून त्याचा पुष्कळसा भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं थिजलेल्या लाव्ह्याचा आहे. दक्षिणेस जावयाचें असूनहि ही नदी प्रथम त्या पठारावर एक मोठा अर्धवर्तुळाकार वळसा घेते, डोंगरांच्या सोंडांमधून वाट काढीत पूर्वेस येते, आणि मग खडकाळ घळींतून उतरत बालाघाटच्या मैदानांत शिरते. पठार सोडतांना तिचें पात्र अरुंद आहे, कांठ उभे आहेत, तळ खडकाचा आहे. येथें ती करवतीचें काम करते. मैदानांत उतरतांच तिचा स्वभाव पालटतो. पात्र रुंदावतें, कांठ ठेंगणे होतात, तळाशीं वाळू पसरते. डोंगरांतून आणलेलें ओझें ती येथें उतरवूं लागते. गोंदियाच्या आसपासची जमीन समुद्रसपाटीपासून सुमारें ३०० मीटर उंचीवर आहे. म्हणजे उगमाच्या पठाराची निम्मी उंची नदीनें वाटेंतच खर्च केली. उतार संपला कीं वेग संपला, आणि वेग संपला कीं ओझें खालीं बसलें. बालाघाट, गोंदिया, भंडारा या धानाच्या मुलुखाचें गुपित एवढ्या एका वाक्यांत सांठलेलें आहे.

पुढें तिला उजव्या हाताकडून बावनथडी आणि कन्हान, डाव्या हाताकडून बाघ, चुलबंद, गाढवी अशा नद्या येऊन मिळतात. प्रत्येकीची आणवळ निराळी. कन्हान छिंदवाडा आणि नागपूरकडची माती आणते. बाघ पूर्वेच्या जंगली डोंगरांतला माल आणते. दरेकसाच्या डोंगराळ मुलुखांत, मुंबई-हावडा लोहमार्गालगत, हाजरा नांवाचा धबधबा आहे. कठीण खडकाची पायरी अद्यापि झिजून सपाट झालेली नाहीं, म्हणून तेथें पाण्यास उडी घ्यावी लागते. फुलचूरची सपाटी पाहून नंतर हा धबधबा पाहावा, म्हणजे एकाच कामाचा आरंभ आणि शेवट एकाच जिल्ह्यांत दृष्टीस पडतो. वैनगंगा स्वतः सुमारें ५८० किलोमीटर वाहून, गडचिरोली जिल्ह्यांत चपराळ्याजवळ वर्धेला मिळते.

या नद्यांच्याहि आधीं येथें दुसऱ्या नद्या होत्या. चांदा जिल्ह्यांतील वर्धेच्या खोऱ्यांत आणि पेंच-कन्हानच्या वरच्या बाजूस जो दगडी कोळसा सांपडतो, तो पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वींच्या नद्यांनीं व दलदलींनीं पुरून ठेवलेलें अरण्य आहे. त्या थरांना १८७२ सालीं मेडलिकॉट या भूगर्भशास्त्रज्ञानें 'गोंडवन' हें नांव दिलें. पुढें १८८५ सालीं एदुआर्द झ्यूस या ऑस्ट्रियन पंडितानें तें नांव एका लुप्त महाखंडास लाविलें. आज दक्षिण अमेरिकेंतील आणि आफ्रिकेंतील शाळेंतलीं मुलेंहि तें नांव शिकतात. ज्या मुलुखांत गोंड राजांचें राज्य होतें त्या मुलुखाच्या नांवानें पृथ्वीचा एक प्राचीन काळ ओळखला जावा, आणि तो काळ मुख्यतः नद्यांच्या गाळानेंच नोंदून ठेवलेला असावा, ही गोष्ट झाडीपट्टीच्या रहिवाशांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

सपाट प्रदेशांत आल्यावर नदी सरळ कां जात नाहीं, असा प्रश्न पुष्कळांस पडतो. याचें उत्तर घरच्या चहाच्या पेल्यांत पाहतां येतें. पेल्यांतला चहा चमच्यानें गोल ढवळा आणि थांबा. चहाची पत्ती कडेला न जातां मध्यभागीं तळाशीं गोळा होते. आल्बर्ट आइन्स्टाइन यांनीं १९२६ सालीं एका निबंधांत याच साध्या अनुभवावरून नदीच्या वळणांचा उलगडा केला. वळणावर वरचें वेगवान पाणी बाहेरच्या कांठावर आदळतें आणि तो खातें; तळाजवळचें मंद पाणी आंतल्या कांठाकडे सरकतें आणि बरोबरची वाळू तेथें टाकतें. म्हणून एक कांठ खचत जातो, दुसरा भरत जातो, आणि वळण अधिक वळत जातें. बाहेरच्या कांठाशीं खोल डोह होतो, आंतल्या कांठाशीं वाळवंट होतें. एका कांठच्या शेतकऱ्याचें शेत नदी खाते आणि दुसऱ्या कांठच्या शेतकऱ्याला नवी जमीन देते. यांत अन्याय कोणावर नाहीं आणि कृपाहि कोणावर नाहीं. नदी आपल्या गतीचा हिशेब जुळवीत असते.

हा हिशेब येथल्या लोकांनीं पुस्तकें येण्याच्या फार आधीं ओळखला होता. त्याचा पुरावा त्यांच्या भाषेंत आहे. वैनगंगेच्या खोऱ्यांतला शेतकरी जमिनीला नुसती काळी किंवा तांबडी म्हणून थांबत नाहीं. खोलगट भागांतली भारी काळी जमीन ती कन्हार. तिच्याहून हलकी, चुनखडी आणि वाळू मिसळलेली ती मोरंड. पिवळसर, रेताड, पण पाणी मिळाल्यास धानाला मानवणारी ती सिहार. उंचवट्यावरची तांबूस, खडे असलेली ती बर्डी. आणि नदीच्या अगदीं कांठची, पुरानें दरसाल नवी होणारी ती कछार. हीं नांवें एका ओळींत मांडा आणि डोंगराच्या उतारापासून नदीच्या पात्रापर्यंत चालत जा. जड खडे वर राहतात, मधल्या टप्प्यांत वाळू बसते, सखल भागांत बारीक चिकण माती येते आणि पाण्याच्या कडेला ताजा गाळ. नदीनें आणि ओढ्यांनीं चाळणीनें चाळावी तशी माती चाळली, आणि शेतकऱ्यानें त्या चाळणीच्या प्रत्येक थराला नांव दिलें.

या मातीवरच वस्तीची मांडणी झाली. कछारांत हिवाळी पिकें घ्यावीं, पाणी उतरल्यावर वाळवंटांत ढीवर लोकांनीं टरबुजांच्या व डांगरांच्या वाड्या लावाव्या, सखल बांध्यांत धान रोवावें, आणि घर मात्र उंचवट्यावर बांधावें, हा जुना शिरस्ता. जुन्या वस्त्या पाहिल्या तर त्या पाण्यापासून फार दूर नाहींत आणि पाण्याच्या तोंडींहि नाहींत. भंडारा जिल्ह्यांतील पवनी हें याचें थोर उदाहरण आहे. वैनगंगेच्या कांठीं वसलेल्या या नगरांत १९६९-७० सालीं नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खातें यांनीं उत्खनन केलें, तेव्हां जगन्नाथ टेकडीखालीं मौर्य-शुंग काळांतील भव्य बौद्ध स्तूपाचे अवशेष सांपडले. दोन हजारांहून अधिक वर्षें माणसानें एकाच नदीकांठावर नगर टिकवून धरावें, याचा अर्थ त्यानें जागा विचार करून निवडली होती. आणखी खालीं, गडचिरोली जिल्ह्यांत, वैनगंगा एका वळणावर उलटी फिरून उत्तरेकडे वाहूं लागते. उत्तरवाहिनी नदी पवित्र, या श्रद्धेनें तेथें मार्कंड्याचीं सुंदर शिल्पमंडित मंदिरें उभीं राहिलीं. भूगोलशास्त्रज्ञ ज्याला वळण म्हणतो त्याला भक्तानें तीर्थ म्हटलें.

परंतु या मुलुखाच्या इतिहासांतलें सर्वांत मोठें पान देवळांचें नव्हे, तलावांचें आहे. नदीचें पाणी चार महिन्यांत वाहून जातें आणि धानाला तर दाणा भरेपर्यंत पाणी लागतें. आश्विनांत पावसानें दगा दिला कीं उभें पीक वाळतें. या अडचणीवर येथल्या कोहळी समाजानें जो तोड काढला तो असा कीं, मोठ्या नदीला अडविण्याच्या भानगडींत न पडतां, तिला मिळणारे लहान लहान ओढे डोंगरांच्या खोबणींत मातीची पाळ घालून अडवावे. नदी जेथें वेग मंदावून गाळ टाकते तेथें शेत होतें, हें त्यांनीं पाहिलें होतें. मग पाण्याचा वेग आपण होऊन मंद करावा, म्हणजे पाणीहि राहील आणि गाळहि राहील, हा त्यावरचा सरळ विचार. कोहळ्यांच्या पूर्वजांना गोंड राजानें काशीकडून आणून वसविलें, अशी परंपरागत हकीकत आहे. चांद्याच्या गोंड राजांच्या कारकिर्दींत, जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखालीं भिजणारी जमीन द्यावी, असा रिवाज होता असें सांगतात. नवेगांवबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यानें बांधला असें लोक मानतात, आणि कोलासुर या नांवानें तो तेथें देवपदास पोंचला आहे. ज्या समाजानें तलाव बांधणाराला देव मानलें, त्याला पाण्याची किंमत कळली नव्हती असें कोण म्हणेल?

हे तलाव एकमेकांपासून तुटलेले नव्हते. वरच्या तलावाचा सांडवा भरला कीं पाणी खालच्या तलावांत, तेथून त्याच्या खालच्या बोडींत, आणि मग बांध्याबांध्यांमधून उतरत ओढ्याला मिळे. बांधी म्हणजे चारी बाजूंनीं धुरे घातलेला धानाचा तुकडा. तोहि एक इवलासा तलावच. फुलचूरच्या शिवारांत पावसाळ्यांत उभे राहून पाहिलें तर अशा शेंकडों आरशांनीं जमीन झाकलेली दिसते. प्रत्येक बांधी घटकाभर पाणी थोपविते, त्यांतली माती खालीं बसूं देते, आणि निवळलेलें पाणी पुढें सोडते. पूर्व विदर्भाच्या पांच जिल्ह्यांत जुन्या मालगुजारी तलावांची संख्या साडेसहा हजारांहून अधिक मोजली गेली आहे. नदीनें हजारों वर्षांत जें काम मोठ्या मानानें केलें, तेंच माणसानें लहान मानानें, पण तितक्याच चिकाटीनें चालू ठेवलें. म्हणून हा भूप्रदेश कोणी घडविला असें विचारलें, तर नदीनें आणि कुदळीनें मिळून, असें उत्तर द्यावें लागेल.

१९५१ सालीं मालगुजारी संपली आणि तलाव सरकारच्या ताब्यांत गेले. शेतकऱ्याच्या डोक्यावरचा मालगुजार गेला ही गोष्ट न्यायाचीच झाली. परंतु पाळ दुरुस्त करणें, गाळ काढणें, पाणी वांटणें हीं जीं कामें गांवकरी आपलीं म्हणून करीत, तीं आतां कोणाचीं, हा प्रश्न उभा राहिला. तलाव गाळानें उथळ होत गेले. गाळ तर पूर्वींहि येतच होता. काढणारे हात मात्र पूर्वींइतके उरले नाहींत. त्याच जिल्ह्यांत पुढें मोठीं धरणें आलीं. १९७० च्या सुमारास गाढवीवरील इटियाडोह आणि बाघ प्रकल्पांतील जलाशय यांनीं हजारों एकर धानाला पाणी दिलें. इटियाडोह या नांवांतला डोह हा शब्द लक्षांत घ्या. माणसानें भिंत घालण्यापूर्वीं तेथें नदीनें स्वतःचें भांडें कोरून ठेवलें होतें. वैनगंगेवर पवनीजवळ गोसीखुर्द धरणाचा पाया १९८८ सालीं घातला गेला. ११ किलोमीटरांहून लांब अशी ती भिंत आहे. तिनें सिंचन आणलें. तिच्या पाण्याखालीं पुष्कळ गांवें गेलीं आणि त्या गांवांच्या लोकांना दुसरीकडे घर मांडावें लागलें. नदीच्या दृष्टीनें पाहतां, तिचा वेग आतां धरणाशींच संपतो. जो गाळ ती खालच्या कछारावर पसरीत असे, त्यांतला मोठा वांटा जलाशयाच्या तळाशीं बसतो, आणि धरणाखालीं निघालेलें निवळ, भुकेलें पाणी आपलाच कांठ खाऊं लागतें.

नद्यांनीं माणसाच्या राज्यकारभारालाहि आकार दिला. बाघ नदीच्या दोन्ही कांठांवर पिढ्यान् पिढ्या एकच धान पिके, पोवारी बोली दोहींकडे चाले, लग्नसंबंध दोहींकडे होत. १८८० नंतरच्या दशकांत नागपूर-छत्तीसगड लोहमार्ग आणि मग बंगाल-नागपूर रेल्वे या मुलुखांतून गेली. तुमसर व तिरोडा यांच्या दरम्यान तिनें वैनगंगा ओलांडली, आणि गोंदिया हें भरभराटीचें जंक्शन झालें. १९०३ पासून उत्तरेस बालाघाटकडे अरुंद मार्गाची गाडी बाघ नदी ओलांडून जाऊं लागली. मग १९५६ सालीं राज्यांची पुनर्रचना झाली, भंडारा जिल्हा मुंबई राज्यांत आला, बालाघाट मध्य प्रदेशांत राहिला, आणि त्या सोयऱ्याधायऱ्यांच्या मधली बाघ नदी कांहीं अंतरापर्यंत दोन राज्यांची सीमा झाली. १९९९ सालीं भंडाऱ्यांतून गोंदिया हा निराळा जिल्हा झाला. नदीला सीमा करणें कारकुनाला सोयीचें असतें, कारण ती कागदावर रेघेसारखी दिसते. पण खोरें हें नदीचें खरें शरीर आहे. त्याचे दोन कांठ म्हणजे एका देहाचे दोन हात. एका राज्यांत पाणी सोडलें कीं दुसऱ्या राज्यांत पूर येतो, हें २०२० सालच्या ऑगस्टच्या अखेरीस सर्वांनीं अनुभवलें. मध्य प्रदेशांत अतिवृष्टि झाली, सिवनीच्या संजय सरोवरांतून पाणी सोडावें लागलें, आणि वैनगंगेच्या महापुरानें गोंदियापासून भंडारा, चांदा, गडचिरोलीपर्यंत हाहाकार उडविला. भंडारा शहरांतल्या कित्येक वस्त्या पाण्याखालीं गेल्या.

त्या पुराला लोकांनीं आपत्ति म्हटलें, आणि ज्यांचें घरदार बुडालें त्यांना ती आपत्तिच होती. तथापि नदीच्या वहींत पाहिलें तर तेथें निराळी नोंद आढळते. नदीचें पात्र म्हणजे उन्हाळ्यांत ज्यांतून पाणी वाहतें तेवढीच वाट नव्हे. दर दहा-वीस वर्षांनीं ती जेथपर्यंत पसरते, जेथें तिनें गाळ टाकून ती सपाटी केली, तो सर्व भाग तिच्या मालकीचा आहे. ती जमीन तिनें माणसाला वहिवाटीस दिली आहे, विकलेली नाहीं. शेत बुडालें तर एका हंगामाचें नुकसान होतें, आणि पुढच्या सालीं गाळानें त्याची थोडीबहुत भरपाई होते. घर बुडालें तर भरपाई कोणती? जुना शेतकरी कछारांत पीक घेई आणि निजावयास उंचवट्यावर येई, यांतलें शहाणपण हेंच होतें.

हा विचार वैनगंगेसारख्या मोठ्या नदीपुरता असता तर मीं फुलचूरचें नांव आरंभीं घेतलें नसतें. मोठ्या नदीची भीति सर्वांस असते, तिच्यासाठीं पूररेषा आंखल्या जातात, तिच्यावर सरकारचे डोळे असतात. पांगोलीसारख्या लहान नदीकडे कोण पाहतो? वर्षाचे आठ महिने ती ओढ्यासारखी दिसते. वाढत्या शहराचें सांडपाणी तिच्यांत यावें, तिच्या कडेच्या बांध्या भरून भूखंड पाडावे, तिला मिळणाऱ्या नाल्यांच्या तोंडावर मुरूम टाकावा, असा मोह शहरालगतच्या प्रत्येक लहान नदीच्या वांट्यास येतो. फुलचूर हें आतां नुसतें खेडें राहिलेलें नाहीं. गोंदियाच्या वाढीबरोबर तें निमशहर झालें आहे. धानाची एक बांधी बुजवून घर बांधणें हा एका कुटुंबाचा साधा, योग्य व्यवहार वाटतो. परंतु अशा शंभर बांध्या बुजल्या म्हणजे घटकाभर थोपणारे शंभर तलाव बुजले. मग तेंच पाणी न थांबतां, एकदम, दुप्पट वेगानें नदीकडे धांवूं लागतें. आणि वेग दुप्पट झाला म्हणजे शक्ति किती पट होते, तें आपण पाहिलेंच आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, मग काय माणसानें घरें बांधूंच नयेत? तसें नव्हे. पवनीकरांनीं नगर बांधलें, कोहळ्यांनीं डोंगर अडविले, रेल्वेनें पूल टाकले. माणसानें या प्रदेशांत हात राखून काम कधींच केलें नाहीं. मागणें एवढेंच आहे कीं, नकाशावर रस्ता आणि भूखंड आंखण्यापूर्वीं नदीची रेघ नुसती निळी न काढतां तिच्या पुराइतकी रुंद काढावी. बोडी बुजविण्यापूर्वीं तिचें पाणी कोठें जाणार हें विचारावें. जुन्या तलावांतला गाळ काढावा आणि तो शेतांत टाकावा, म्हणजे नदीनें दिलेली माती नदीनें ठरविलेल्या जागीं पोंचेल. कन्हार, सिहार, बर्डी, कछार हीं नांवें शाळेंतल्या मुलांना शिकवावीं. ज्याला आपल्या पायाखालच्या जमिनीचें नांव ठाऊक आहे, तो ती कशी झाली हें विचारील, आणि ज्याला ती कशी झाली हें कळलें तो तिच्यावर घर कोठें बांधावें हें चुकणार नाहीं.

राजांचे इतिहास आपण वाचतों तेव्हां ते संपलेले असतात. गोंडांचें राज्य गेलें, भोंसल्यांचें १८५३ सालीं खालसा झालें, इंग्रजांचें १९४७ सालीं संपलें. नदीचा अंमल मात्र चालू आहे. येत्या मृगांतहि पांगोली थोडी माती बाघेच्या ओटींत टाकील, बाघ ती वैनगंगेस देईल, आणि कोठें तरी खालीं, एका वळणाच्या आंतल्या कांठाला, ओंजळभर नवी जमीन तयार होईल.